मयेकरचा डोंगर, माझी पोकळी

आमच्या फिजिक्स विभागात काहीही टाकून देता येत नाही. काच फुटलेला गॅल्व्हानोमीटर असो की काटा गळालेला व्होल्टमीटर, तो एकदा डेडस्टॉकच्या रजिस्टरमध्ये चढला की त्याला निकालात काढायला समिती लागते, समितीला मीटिंग लागते आणि मीटिंगला कोरम. कोरम कधीच होत नाही, म्हणून वस्तू कपाटात राहते. किस्स्यांचंही तसंच झालंय. ठेवायचे म्हणून कुणी ठेवले नाहीत, पण निकालात काढायला कुणाला सवड झाली नाही. आता कपाट उघडलं की अंगावर येतात.

यातले बहुतेक किस्से सुभाष मयेकरचे आहेत. ते मी का सांगतोय, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी त्याच्यावर जळतो. लपवण्यात अर्थ नाही, कारण रत्नागिरीत हे सगळ्यांना माहीत आहे, मयेकरला तर सगळ्यात जास्त.

मी सावंत. माझा विषय प्रकाश. सोडियमचा दिवा, प्रिझम, स्पेक्ट्रोमीटर, अंधारी खोली. मयेकर माझ्याहून सहा वर्षांनी ज्युनिअर आणि त्याचा विषय कणभौतिकी, तीही प्रयोगातली. युरोपात जमिनीखाली बोगदा खणून कण एकमेकांवर आपटतात, त्या लोकांत हा आमचा मिऱ्या गावचा गडी आहे. आणि ते कमी पडलं म्हणून की काय, तीन वर्षांपूर्वी त्याने इथे स्वतःचा एक डोंगर काढला.

डोंगराचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आकाशातून म्यूऑन नावाचे कण सारखे पडत असतात. तुमच्या डोक्यातून, चहाच्या कपातून, सगळ्यातून आरपार जातात. दगडातूनही जातात, पण दगड जाड असला की थोडे अडतात. आता रत्नागिरीबाहेर एका सड्याखालचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाखालचा, डोंगर आतून पोकळ आहे, असं तिथल्या गावात सगळेच सांगतात. वर पाय आपटला की ढोलासारखा वाजतो. पोकळी कुठे आहे, यावर मात्र दोन माणसांचं एकमत नाही. मयेकर म्हणाला, पायथ्याशी डिटेक्टर ठेवू. ज्या दिशेने म्यूऑन जास्त येतील, तिकडे आत दगड कमी. खणायला नको, डोंगराचा फोटो काढल्यासारखं होईल.

पोकळी सापडली असती तर पहिल्यांदाच मयेकरचं स्वतःचं असं काही झालं असतं. युरोपचं नाही, गर्दीतलं नाही, त्याचं. सापडली नसती तर तीन वर्षं पाण्यात. माझी देवापाशी काय प्रार्थना होती, ती तुम्ही ओळखली असेलच.

*

मयेकरचा पहिला मोठा पेपर आला, त्याची गोष्ट. हजारो लेखक. पेपर थोडक्यात आटोपलेला आणि त्याच्यामागे नावंच नावं, एखाद्या तालुक्याच्या मतदारयादीसारखी. प्राचार्यांनी सत्कार ठेवला, शाल आली, नारळ आला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी विचारलं, "मयेकर, एवढ्या लोकांत तुझ्या वाट्याला पेपरातला अर्धा तरी शब्द आला का?"

हॉल हसला. मला फार बरं वाटलं.

मयेकर शाल सावरत म्हणाला, "शब्द नाही आला, सर. एक स्क्रू आला होता. पण तो सैल राहिला असता तर सगळ्यांचा पेपर गेला असता."

मग हॉल आणखी हसला आणि वर टाळ्याही पडल्या. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, असल्या गर्दीत नाव येण्याला काय अर्थ आहे? माझा पेपर बघ, माझं एकट्याचं नाव आहे. तिने लसूण सोलता सोलता विचारलं, "लिहिला एकट्याने, ते कळलं. वाचला किती जणांनी?"

*

मयेकरची शिफ्ट असते. म्हणजे युरोपातली ती अवाढव्य यंत्रणा नीट चालली आहे ना, हे जगभरचे लोक आळीपाळीने कॉम्प्युटरवर बघत बसतात. मयेकरची पाळी आली की तो दुपारी विभागात स्क्रीनसमोर बसतो. स्क्रीनवर हिरवे चौकोन. लाल झाला की फोन करायचा. त्याच्या पाळीत लाल होतच नाही.

एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी विचारलं, काय चाललंय. मयेकरने खरं ते सांगितलं, "सध्या काहीच होत नाहीये. तेच बघतोय."

पाहुणे गंभीर झाले. प्राचार्य त्यांच्या कानात काहीतरी बोलले. पुढच्या आठवड्यात मयेकरच्या टेबलापर्यंत इंटरनेटची वेगळी लाईन आली, बॅटरी बॅकअप आला आणि पाठीला आधार देणारी खुर्ची आली.

त्याच महिन्यात मी माझ्या लॅबमध्ये, काहीच होत नसताना, शांतपणे बसलो होतो. मला मेमो आला.

*

डोंगरासाठीचा डिटेक्टर आमच्याच विभागात बांधला गेला, आणि कुठे बांधला? माझ्या अंधाऱ्या खोलीत! विभागप्रमुख देसाई मॅडमनी मला बोलावून विचारलं, म्हणजे मला कळवलं. "सावंत सर, तुमचा स्पेक्ट्रोमीटर काय, व्हरांड्यातही चालेल ना?" व्हरांड्यात भर उन्हात स्पेक्ट्रोमीटर कसा चालेल, हे मी त्यांना समजावत होतो तोवर माझं टेबल व्हरांड्यात गेलं होतं.

हा डिटेक्टर म्हणजे प्लास्टिकच्या खास पट्ट्या. म्यूऑन गेला की पट्टीत क्षणभर अगदी मंद उजेड पडतो आणि तो मोजायचा. म्हणून बाहेरचा उजेड आत शिरता कामा नये. पट्ट्यांना काळा कागद, त्यावर काळी टेप, त्यावर पुन्हा कागद. इतकं करूनही मयेकरच्या पेटीत कुठूनतरी उजेड शिरत होता आणि म्यूऑन समजून तोच मोजला जात होता. आठवडाभर सापडेना. मी व्हरांड्यातून बघत होतो. आठवडा छान गेला.

मग तो माझ्याकडे आला. "सर, उजेडाचं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही."

असं कुणी म्हटल्यावर माणूस काय करणार? मी टॉर्च घेऊन आत गेलो आणि जेवायच्या सुट्टीच्या आत छिद्र काढून दिलं. टेपच्या घडीखाली, टाचणीच्या टोकाएवढं. मयेकरने सगळ्या कॉलेजला सांगितलं की सावंत सर नसते तर प्रोजेक्ट अडकलं असतं. वार्षिक अहवालात माझं नाव छापून आलं. संशोधनाखाली मयेकर, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत: "छिद्रशोधन सहाय्य, प्रा. सावंत."

पंचवीस वर्षं प्रकाश शिकवल्यावर!

*

मयेकरची आई मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी विकते. मुलगा प्रोफेसर झाला, त्याने गाडी घेतली, तरी ती टोपली सोडत नाही. मी कधी तिच्याकडे जात नसे. का, ते विचारू नका. पण एकदा घरी पाहुणे येणार होते आणि त्या दिवशी बांगडा फक्त तिच्याकडे चांगला दिसत होता.

भाव ठरला. मासे पिशवीत टाकता टाकता तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू कालिजातला मास्तर नाय? आमच्या सुभाषच्या हाताखाली असतोस तो?"

मी म्हटलं, मावशी, मी सहा वर्षांनी सीनिअर आहे त्याला. तिने मान हलवली, म्हणजे वयाने मोठं असण्यात लाजण्यासारखं काही नाही, अशा अर्थाने. आणि आणखी दोन बांगडे पिशवीत टाकले. "ने. तो जरा तापट हाय, सांभाळून घे त्याला. तुजी नोकरी जानार नाय, मी सांगेन."

पाहुण्यांनी माशांची फार तारीफ केली. मला काटेच जास्त लागले.

*

डिटेक्टर शेवटी डोंगराच्या पायथ्याशी गेला. तिथे वीज असलेली एकच जागा होती, ती म्हणजे काशिनाथ तात्यांचा गोठा. एका बाजूला तात्यांची म्हैस, दुसऱ्या बाजूला मयेकरची पेटी. मयेकर दर दोन-चार दिवसांनी जायचा. कधी कधी मीही जायचो, कारण प्रगती होत नाही हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मला झोप येत नसे.

पहिल्याच महिन्यात चमत्कार झाला. रोज सकाळी ठरावीक वेळेला म्यूऑन एकदम वाढायला लागले. मयेकरचे डोळे चमकायला लागले. सूर्याशी काही संबंध असेल का, हवेच्या दाबाशी असेल का, असं त्याचं सुरू झालं. फोनवर युरोपशी बोलणं झालं. मी अर्ध्या जेवणावरून उठायला लागलो.

पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही दोघं भल्या सकाळी गोठ्यात जाऊन बसलो. दूध काढून झालं, तात्यांनी दार सताड उघडलं आणि म्हशीने पेटीला मान घासायला सुरुवात केली. तिने घासून घासून एका कोपऱ्यातला कागद, टेप, सगळं उचकटलं होतं. कोवळं ऊन सरळ आत. सूर्याशी संबंध होताच, तेवढं मयेकरचं बरोबर होतं.

मयेकर डोकं धरून बसला. तात्या जवळ आले.

"मास्तर, एक इचारू? ही तुमची पेटी खाते काय?"

मयेकर म्हणाला, काही नाही, थोडी वीज.

"न् देते काय?"

"अजून काही नाही, तात्या. वेळ लागेल."

तात्यांनी पेटीवरून हात फिरवला. "भाकड म्हशीला पन मी एवडा जीव लावला नस्ता, बावा."

परत येताना हातखंब्याला मी मयेकरला चहा पाजला, वर भजी. त्याला वाटलं मी सांत्वन करतोय.

*

आता मयेकरच्या एका सवयीबद्दल. सवय कसली, त्या लोकांचा रिवाजच आहे. उत्तर आधी बघायचं नाही. मोजमाप कसं करायचं, काय ठेवायचं, काय वगळायचं, हे सगळं डोळे झाकून ठरवायचं, आणि एकदा ठरलं की मगच उघडून बघायचं. उघडल्यावर पुन्हा बदल नाही. का, तर माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं.

हे तो घरीही करतो. मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याने सगळ्यांना समोर बसवलं आणि अमुक टक्के पडले तर कुणी काय बोलायचं, हे आधी ठरवून घेतलं. कमी पडले तर आई रडणार नाही, जास्त पडले तर आजी जेटीवर सांगत सुटणार नाही. मुलगी बिचारी ऐकत होती. सगळं ठरल्यावर मयेकरने लॅपटॉप उघडला आणि साईट बंद पडली होती. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मला सकाळीच कळलंय. मी तुमचं ठरायची वाट बघत होते."

तिला माझ्या मुलापेक्षा चौदा टक्के जास्त पडले. हे त्या किस्स्यात येत नाही, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

*

मोजणी संपत आली तेव्हा मयेकर व्हरांड्यात माझ्या टेबलापाशी आला. खुर्ची ओढून बसला. म्हणाला, त्यांच्यात आणखी एक रिवाज आहे. उघडायच्या आधी एखाद्या विश्वासू माणसाने मोजणीत गुपचूप खोटी खूण मिसळायची. कुठे, किती, हे काम करणाऱ्याला सांगायचं नाही. म्हणजे तो स्वतःच्या हौसेने फसत नाही. खोटी खूण त्याला पकडता आली पाहिजे.

"सर, माझ्या डोंगरात तुम्ही पोकळ्या टाका. एक टाका, दोन टाका, चार टाका, नाहीतर टाकूच नका. मूळ फाईल तुमच्याकडे ठेवा, मिसळलेली मला द्या, माझ्याकडची मूळ मी पुसतो. शेवटच्या दिवशीच सांगायचं."

मी विचारलं, मीच का? देसाई मॅडम आहेत, मुंबईला तुझे गाईड आहेत.

"ते सगळे माझ्यावर माया करतात, सर. सोपी टाकतील. तुम्ही तसं करणार नाही."

यावर रागवावं की काय करावं, मला कळेना. मी हो म्हटलं.

आणि मग सांगतो, आयुष्यात मी इतकं मन लावून काम केलं नाही. नुसते म्यूऑन वाढवून चालत नव्हतं. गोठ्यातली लाईट गेली त्या वेळात माझे म्यूऑन आले असते तर मी लगेच पकडलो गेलो असतो, म्हणून लाईट कधी कधी गेली ते शोधलं. पेटीचा डावा कोपरा म्हशीच्या प्रकरणापासून जरा अशक्त होता, तिथे कमी टाकले. पावसात सड्यात पाणी मुरतं, दगड जड होतो, तेव्हा आणखी कमी. कडा अगदी धारदार ठेवल्या नाहीत, कारण जांभ्या दगडातली पोकळी असते कधी धारदार? डोंगराच्या दक्षिण अंगाला, मध्यापासून थोडी खाली, मी एक पोकळी घडवली. एकच. तिला एक छोटी शेपटीही ठेवली, पाणी वाहून गेल्यासारखी.

घरी जेवायला बोलावलं तरी मी कॉम्प्युटरवरून उठत नव्हतो. बायको एकदा मागे येऊन उभी राहिली. "हे कुणाचं काम एवढं?"

"मयेकरचं."

"त्याचं करायला आहे ना तो?"

"हे तो करू शकत नाही," मी म्हटलं. ते म्हणताना मला इतकं छान वाटलं की दुसऱ्या दिवशी मी शेपटी आणखी सुधारली.

*

उघडायचा दिवस आला. दुपारी कॉलेज सुटल्यावर अंधाऱ्या खोलीत सगळे जमले. देसाई मॅडमनी पेढे आणले होते आणि डबा अजून बंद ठेवला होता. काशिनाथ तात्या टोपी घालून एसटीने आले होते. पेटी त्यांच्या गोठ्यात राहिली म्हणून निकालावर त्यांचा हक्क होता. मयेकरने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

बटण दाबलं. पडद्यावर डोंगराची आकृती आली आणि हळूहळू रंग भरत गेला. सगळा डोंगर निळा, आणि आत दोन लाल डाग. एक दक्षिणेला, शेपटीवाला. दुसरा वरच्या अंगाला, सड्याखाली, ओबडधोबड, जेमतेम दिसणारा.

मी वरच्या डागाकडे बघत राहिलो. तो मी टाकलेला नव्हता.

मयेकर माझ्याकडे वळला. रिवाजाप्रमाणे आता एकच प्रश्न उरला होता.

"सर, किती टाकल्यात?"

मूळ फाईल माझ्याकडे होती. दुसऱ्या कुणाकडे नव्हती, त्यानेच आपली पुसली होती. मी 'दोन' म्हटलं असतं तर डोंगर भरीव ठरला असता, पेढे देसाई मॅडमच्या घरी परत गेले असते आणि मयेकर माझे आभार मानून, सगळ्या वायरी गुंडाळून, गोठ्यातून पेटी आणायला गेला असता. त्याने शंकासुद्धा घेतली नसती. एक शब्द होता. तो माझ्या जिभेवर होता, हे मी नाकारत नाही. तीन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या तोंडात आलं होतं. तात्या टोपी हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते.

पण 'दोन' म्हटलं असतं तर तो वरचा ओबडधोबड, कसाबसा दिसणारा डाग मी केलाय, असं झालं असतं. तसलं काम माझ्या नावावर?

"एक," मी म्हटलं.

मयेकर खाली बसला. देसाई मॅडमचा हात पेढ्यांच्या डब्यावर गेला, पण झाकण काही त्यांनी उघडलं नाही. तात्यांनी मला हळूच विचारलं, म्हंजी हाय काय? मी त्यांना मान हलवून हो म्हटलं.

मयेकर उठला आणि पडद्यापाशी गेला.

"कुठली तुमची?"

मी पुढे होऊन दक्षिणेच्या पोकळीवर बोट ठेवलं.

"ही?"

"ही."

तो बघत राहिला. शेपटीवरून त्याने बोट फिरवलं, अगदी शेवटच्या टोकापर्यंत.

"सर," तो म्हणाला, "मी वरची तुमची समजून सोडून देणार होतो."